आवरण, विक्षेप आणि संगणकाचा आरंभपट

हुबळीच्या सिद्धारूढ मठात वेदान्ताची प्रवचने ऐकत आलेल्या श्रोत्याला मायेच्या दोन शक्ती परिचित असतात: वस्तूचे यथार्थ स्वरूप झाकणारी ती आवरणशक्ती, आणि झाकलेल्या जागी दुसरेच काही भासविणारी ती विक्षेपशक्ती. सदानंदांच्या ‘वेदान्तसारा’त सविस्तर वर्णिलेला हा कारभार लिनक्सवर चालणाऱ्या संगणकात रोज, यंत्र सुरू करताच, इतका तंतोतंत प्रत्ययास येतो की त्याकडे केवळ तांत्रिक बाब म्हणून पाहणे मला अपुरे वाटते.

यंत्र जागे होताना कर्नल स्मृतीचा अदमास घेते, तबकड्या ओळखते, एकेक सेवा कामास लावली जाते, आणि या साऱ्याची नोंद ओळीओळीने पडद्यावर उमटू शकते. परंतु कर्नलला कामास लावणाऱ्या ‘ग्रब’ या आरंभक प्रणालीच्या दप्तरात बहुधा दोन शब्द आधीच लिहिलेले असतात. ‘क्वाएट’ हा पहिला शब्द त्या नोंदी दृष्टीआड करतो. ‘स्प्लॅश’ हा दुसरा रिकाम्या जागी चित्र उभे करतो. २००८ साली फेडोरा या लिनक्स-वितरणाच्या दहाव्या आवृत्तीबरोबर हे चित्र दाखविणारे ‘प्लिमथ’ आले, तेव्हा त्याचे चित्र होते निळ्या ज्वाला उसळणाऱ्या सूर्यबिंबाचे. सत्याच्या मुखावरील सुवर्णपात्र दूर करण्याची विनवणी सूर्यालाच करणाऱ्या ईशोपनिषदाचे स्मरण ते पाहून मला झाल्यावाचून राहिले नाही. ओपनसुसे या दुसऱ्या वितरणाच्या आरंभपटावर तर वर्षअखेरीस पेंग्विन पक्षी डुलत चालत येत.

गंभीर प्रकृतीच्या कित्येकांना ही लीला कामाच्या यंत्रावर अप्रशस्त वाटते, आणि ते दोन्ही शब्द पुसून, ‘अपडेट-ग्रब’चा हुकूम देऊन मोकळे होतात. त्यांच्याविषयी मला आदर आहे. तबकडी नादुरुस्त होऊन यंत्र मध्येच थबकले, तर सूर्यबिंब मूक राहते आणि ओळ बोलते. मात्र चित्राच्या तिटकाऱ्याने ज्याने दुसराच शब्द तेवढा पुसला, त्याच्यापुढे बहुधा काळा पडदा उरतो; हीच वेदान्त्यांची सुषुप्ती, जीत विक्षेप मावळतो पण आवरण कायम असते, आणि तीत ज्ञानाचा लाभ कणभरही नाही. उलट जीवन्मुक्ताचे आवरण नष्ट झाले तरी प्रारब्ध संपेपर्यंत जगाचा भास त्याच्यापुढे चालूच राहतो, फक्त तो त्यास बाधत नाही. एस्केपची कळ दाबताच चित्रामागील नोंदी दिसतात, हे ज्यास ठाऊक आहे, त्याने पेंग्विन खुशाल ठेवावेत.

नैवेद्याच्या वेळी गाभाऱ्यापुढे ओढलेल्या पडद्याला कोणी फसवणूक म्हणत नाही, कारण तो सरकणार हे प्रत्येकाला माहीत असते. म्हणून आवरण आहे की नाही, यापेक्षा ते दूर करण्याचा अखत्यार कोणाकडे आहे, हा प्रश्न मला अधिक मूलगामी वाटतो. लिनक्सच्या कर्त्यांनी तो अखत्यार मालकाच्या हाती दिला, हे त्यांचे मोठेच औदार्य होय. पण हुबळीच्या विद्यानगरातील केएलई तंत्रविद्यापीठापासून २०१६ साली धारवाडास आलेल्या आयआयटीपर्यंत, कोणत्याही प्रयोगशाळेत यंत्रापुढे बसणारा विद्यार्थी त्याचा मालक नसतो. तेथे चित्र राखावे की काढावे, हे व्यवस्थापकाने खुशाल ठरवावे. एस्केपची ती एक कळ मात्र पहिल्याच तासाला प्रत्येक विद्यार्थ्याच्या बोटाखाली आणून द्यावी.