निरोप केव्हा द्यावा?

किहीमच्या आमच्या वाडीत, विहिरीच्या कठड्याशी पावसात भिजत पडलेले एक मांजराचे पिल्लू आईने पदराखाली घेऊन घरी आणले, त्याला सतरा वर्षे झाली. आईने तिचे नाव मनी ठेवले. पुढे आई देवाघरी गेली. मनी मागे राहिली. म्हणूनच ती थकली, तेव्हा आईची शेवटची खूणच आपल्या हातून निसटते आहे असे मला वाटू लागले.

गेल्या पावसाळ्यात ती सारखी पाण्याच्या भांड्याशी दिसू लागली. अंगावरचे मांस झडले. पशुवैद्यांनी रक्त तपासून सांगितले, "मास्तर, मूत्रपिंडे निकामी होत आली आहेत. म्हाताऱ्या मांजरांना हा विकार पुष्कळदा होतो. बरा होणार नाही. उरलेले दिवस थोडे सुखाचे करता येतील." कातडीखाली सलाईन कसे द्यावे, हे त्यांनी आम्हांला शिकवले. दोन महिने बरे गेले. मग तिचे खाणे सुटू लागले आणि प्रश्न उभा राहिला : इंजेक्शन देऊन तिला सोडवावे काय? सोडवावे, तर केव्हा?

पोप जॉन पॉल दुसरे यांच्या कारकिर्दीत १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथात प्राण्यांविषयी थोडक्यात पण नेमके विवेचन आहे. प्राणी ही परमेश्वराची निर्मिती, त्यांना दयेने वागवणे हे आपले कर्तव्य. त्यांना विनाकारण यातना देणे वा विनाकारण मारणे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही. मात्र ज्या पैशाने आधी माणसांचे दुःख हलके व्हावे, तो त्यांच्यावर उधळणे आणि माणसालाच देय असलेले प्रेम त्यांना देणे हेही तितकेच गैर. 'विनाकारण' या शब्दाला दोन धारा आहेत. घाई केली तर विनाकारण मृत्यू. विलंब केला तर विनाकारण यातना.

हाच पेच १९२८ साली साबरमती आश्रमात गांधीजींपुढे आला होता. एक वासरू असाध्य व्याधीने तळमळत होते. त्याला कुशीवर वळवणेही वेदनेचे झाले होते. सहकाऱ्यांशी विचारविनिमय करून गांधीजींनी डॉक्टरांकरवी विषाचे इंजेक्शन देऊन त्याचा अंत करविला. देशभरातून त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. त्यांनी उत्तरादाखल अटी मांडल्या : रोग असाध्य हवा, सर्वांनी आशा सोडलेली हवी, कोणतीही सेवा शक्य नसावी आणि जीवाला स्वतःची इच्छा सांगता येत नसावी. हाच नियम त्यांनी माणसालाही लागू केला. तेथे ख्रिस्तसभा त्यांच्याबरोबर जात नाही. निष्फळ ठरलेले क्लेशकारक उपचार थांबवण्यास ती मुभा देते. परंतु माणसाचा जीव घेण्यास नाही. मरणशय्येवरील माणूस क्षमा मागू शकतो, क्षमा करू शकतो, आपले दुःख प्रभूच्या दुःखाशी जोडू शकतो. मांजराला आपण का तळमळतो हेही कळत नाही. तिचे दुःख वाहण्याचा भार म्हणून आपल्यावर येतो.

पण सेवा आता शक्य नाही, हे ओळखायचे कसे? १९३० साली याच किहीमला सालिम अलींनी सुगरण पक्ष्यांचे तासन्‌तास निरीक्षण केले. नर घरटे अर्धवट विणून थांबतो; मादीने पसंत केले, तरच ते पुरे करतो आणि मग दुसरे घरटे मांडतो, हे त्यांनी टिपले. जे दिसले, तेच त्यांनी लिहिले. मीही तसेच करावयाचे ठरवले. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रोज नोंद ठेवू लागलो : खाल्ले का, अंग चाटले का, उन्हात येऊन बसली का. मांजर आपली वेदना लपवते. त्यामुळे अशा खुणांवरूनच ती ओळखावी लागते.

एके संध्याकाळी पत्नी कॅलेंडरापुढे उभी राहून म्हणाली, "अहो, काल तिने बोंबील नुसता हुंगला. तुम्ही 'खाल्ले' असे लिहिले आहे."

मी मागील पाने पाहिली. आठवडाभराच्या नोंदी तशाच होत्या. मनीसाठी म्हणून ठेवलेली ती वही खरे तर मी माझ्यासाठी भरीत होतो. आईची खूण जाऊ नये, म्हणून एक मुका जीव मी ताटकळत ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पशुवैद्य घरी आले. भूल देणाऱ्या औषधाची मोठी मात्रा त्यांनी दिली. पत्नीच्या मांडीवर ती शांत झाली. विहिरीजवळच आम्ही तिला पुरले.

निर्णय योग्य होता याबद्दल मला शंका नाही. तो आठवडाभर उशिरा झाला, याची बोचणी आहे. असा प्रसंग ज्यांच्यावर येईल, त्यांनी एवढे करावे : नोंद घरातल्या अशा माणसाकडे द्यावी, ज्याला त्या जीवाची माया आहे, पण त्याला धरून ठेवण्याची गरज नाही. आणि त्याचे ऐकावे.