वेदनेची साक्ष

दुसऱ्याचें सुख मान्य करतांना कोणी पुरावा मागत नाहीं; दुःखाला मात्र पदोपदीं पुरावा द्यावा लागतो. शेजारी "आज मी मोठ्या आनंदांत आहें" असें म्हणाला, कीं आपण त्याचें अभिनंदन करून मोकळे होतों. परंतु तोच शेजारी "माझी पाठ असह्य दुखत आहे" असें म्हणाला, तर आपलें लक्ष त्याच्या बोलण्याकडे न जातां त्याच्या पाठीकडे जातें. तेथें सूज आहे काय, जखम आहे काय, कालच तर हा मंडईंत हिंडत होता, मग आज हें दुखणें कोठून उपटलें, अशी उलटतपासणी मनांतल्या मनांत सुरू होते. घरोघर हेंच चालतें. सुनेचें डोकें दुखूं लागलें, तर तें "नेमकें कामाच्या वेळीं" दुखतें. मुलानें पोट धरलें, तर तें शाळा चुकविण्यासाठीं. आणि म्हातारपणीं गुडघे ठणकूं लागले, तर "वय झालें, चालायचेंच" एवढ्यावर त्यांची बोळवण होते. असें बोलणारीं माणसें दुष्ट असतात असें नाहीं. आपण सारासार विचारच करीत आहों, अशी प्रत्येकाची समजूत असते. त्या सारासार विचाराचा पाया कितपत पक्का आहे, हें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

आपल्याकडील नैयायिकांनीं ज्ञानाच्या साधनांची जी व्यवस्था लावून ठेविली आहे, ती येथें फार उपयोगी पडते. स्वतःची वेदना ज्याची त्याला प्रत्यक्ष असते. 'वेदना' हा शब्दच 'विद्' म्हणजे जाणणें या धातूपासून आलेला आहे. वेदना आहे पण ती कोणाला जाणवत नाहीं, असें म्हणणें हा वदतोव्याघात होय. उलटपक्षीं दुसऱ्याची वेदना जगांत कोणालाही प्रत्यक्ष होऊं शकत नाहीं. आईला मुलाची नाहीं, वैद्याला रोग्याची नाहीं. तेव्हां ती जाणण्यास मुख्यतः दोनच वाटा उरतात, अनुमान आणि शब्द. आपण बहुधा अनुमानाची वाट धरतों. पर्वतावर धूर दिसला म्हणजे तेथें अग्नि आहे असें ओळखावें, त्याप्रमाणें जखम दिसली म्हणजे वेदना आहे, मोठी जखम दिसली म्हणजे मोठी वेदना आहे, आणि जखम नसली म्हणजे वेदनाही नाहीं, असें आपण ठरवितों. रोग्याचा शब्द या अनुमानाशीं जुळला तर खरा, न जुळला तर खोटा! पण धुरावरून अग्नि ओळखण्यापूर्वीं, जेथें जेथें धूर तेथें तेथें अग्नि, ही व्याप्ति सिद्ध असावी लागते. जखम आणि वेदना यांच्यामध्यें अशी व्याप्ति आहे काय?

ती आहे, असें युरोपांतील शास्त्रही दीर्घकाळ समजत आलें. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त याचा मनुष्यदेहावरील ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६६४ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत विस्तवापाशीं पाय नेलेल्या एका मुलाचें चित्र आहे. दोरीचें एक टोंक ओढावें आणि दुसऱ्या टोंकाची घंटा वाजावी, तसा विस्तव पायांतील तंतु ओढतो आणि मेंदूंत वेदनेची घंटा वाजते, असें त्याचें म्हणणें. ही उपमा इतकी सोपी आणि चटकदार आहे कीं, देकार्तचें नांवही न ऐकलेल्या मनुष्याच्या मनांत ती आज घर करून आहे. दोरी कोणी ओढलीच नाहीं, तर घंटा वाजेल कशी? सुनेला आणि शाळकरी मुलाला आपण जो प्रश्न विचारतों, तो हाच.

आतां शरीरांत प्रत्यक्ष काय घडतें तें पाहूं. त्वचेंत, स्नायूंत, सांध्यांत बारीक मज्जातंतूंचीं टोंकें पसरलेलीं असतात. जोराचा दाब, तीव्र उष्णता, अथवा इजा झालेल्या पेशींतून बाहेर पडणारीं द्रव्यें यांमुळें तीं उद्दीपित होतात आणि मज्जारज्जूकडे संदेश धाडतात. हे तंतु मुख्यतः दोन जातींचे आहेत. पातळ आवरण असलेल्या तंतूंतून संदेश सेकंदाला सुमारें ५ ते ३० मीटर वेगानें जातो. आवरण नसलेल्या तंतूंतून तो जेमतेम २ मीटर किंवा त्याहूनही कमी वेगानें सरकतो. पायाचें बोट उंबरठ्यावर आपटलें म्हणजे प्रथम एक तीक्ष्ण कळ येते आणि क्षणभरानें मंद, जळजळीत ठणका मागून येऊन पोहोंचतो, त्याचें कारण हेंच. तापल्या तव्याला बोट लागलें, तर मज्जारज्जु मेंदूच्या निकालाची वाट न पाहतां हात मागें घेवविते. चटक्याचें भान मागाहून येतें. सर चार्ल्स शेरिंग्टन या इंग्रज शास्त्रज्ञानें १९०६ सालीं इजेची ही वार्ता आणि प्रत्यक्ष वेदना यांत भेद केला. तंतूंतून जाते ती वार्ता. त्या वार्तेची वेदना व्हावयाची कीं नाहीं, हें पुढें ठरतें.

तें कसें ठरतें, याची पहिली समाधानकारक उपपत्ति रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघांनीं १९६५ सालीं मांडली. मज्जारज्जूंत जणूं एक दार आहे. इजेची वार्ता तेथें येते, परंतु त्याच दाराशीं स्पर्शाचे जाड तंतुही येऊन मिळतात, आणि वरून मेंदूचे हुकूमही उतरतात. या सर्वांच्या ओढाताणीवर दार किती उघडावयाचें हें अवलंबून असतें. कोपर आपटलें कीं आपण तें नकळत चोळतों आणि बरें वाटतें, तें या स्पर्शामुळें. या उपपत्तीच्या तपशिलांत पुढें पुष्कळ दुरुस्त्या झाल्या. परंतु वेदना ही इजेची प्रतिध्वनि नसून मज्जासंस्थेनें साऱ्या परिस्थितीवर दिलेला निर्णय आहे, हा तिचा गाभा टिकून राहिला आहे.

एकदां हें ध्यानांत घेतलें, म्हणजे व्याप्तीचा भंग दोन्ही बाजूंनीं कसा होतो तें कळतें. प्रथम, जखम आहे पण वेदना नाहीं, असा प्रकार घ्या. दुसऱ्या महायुद्धांत इटलीच्या आघाडीवर हेन्री बीचर या अमेरिकन डॉक्टरानें भयंकर जखमी झालेल्या सैनिकांना वेदनाशामक औषध हवें काय असें विचारलें. सुमारें तीन चतुर्थांश सैनिकांनीं नको म्हणून सांगितलें. हा वृत्तांत त्यानें १९४६ सालीं प्रसिद्ध केला. पुढें १९५६ सालीं त्यानें नागरी रुग्णालयांतील शस्त्रक्रियेच्या रोग्यांशीं तुलना करून दाखविली. त्यांच्यापैकीं फार मोठ्या संख्येनें औषध मागितलें होतें. बीचरच्या मतें भेद जखमेंत नव्हता, तिच्या अर्थांत होता. सैनिकाला ती जखम म्हणजे रणांगणांतून जिवंत सुटका होती. नागरिकाला शस्त्रक्रिया म्हणजे संकटाची सुरुवात होती.

याहून करुण उदाहरण कुष्ठरोग्यांचें. या रोगांत मज्जातंतु मरतात व हातापायांची संवेदना जाते. वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजांत १९४६ पासून काम केलेले डॉक्टर पॉल ब्रँड यांनीं दाखवून दिलें कीं, रोग्यांचीं बोटें झडतात तीं प्रायः प्रत्यक्ष रोगानें नव्हे. वेदना होत नाहीं म्हणून भाजलेलें, कापलेलें, चिघळलेलें कळतच नाहीं आणि अवयव हळूहळू नष्ट होतो. ज्या विदर्भांत डॉक्टर शिवाजीराव पटवर्धन यांचें तपोवन व बाबा आमटे यांचें वरोऱ्याजवळचें आनंदवन उभें राहिलें, त्या भागांतील वाचकांस हें निराळें सांगावयास नको. ब्रँड यांनीं पुढें अमेरिकेंत रोग्यांसाठीं यंत्राची कृत्रिम वेदना तयार करण्याचा प्रयत्न केला. तो फसला; कारण सूचना गैरसोयीची वाटली कीं रोगी यंत्रच बंद करीत. यंत्राची सूचना झुगारतां येते. खरी वेदना झुगारतां येत नाहीं, कारण ती बाहेरून आलेली बातमी नसून आपलीच अवस्था असते.

आतां दुसरी बाजू, म्हणजे जखम नाहीं, पण वेदना आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धांत, १८६१ ते १८६५ या काळांत, फिलाडेल्फिया येथील डॉक्टर सिलास वीर मिचेल यांच्याकडे मज्जातंतूंस गोळी लागलेले सैनिक येत. जखमा भरून आलेल्या असत, तरी हातापायांची आग होई. ते पट्ट्या सतत भिजवून ठेवीत, आणि वर्तमानपत्राच्या फडफडीनें किंवा शेजारून कोणी चालल्याच्या धक्क्यानेंही कळवळत. ज्यांचे अवयव कापून टाकले होते, त्यांना तो नसलेला हात दुखे, नसलेली मूठ आवळली जाई. या अनुभवाला मिचेल यांनीं १८७१ सालीं 'भुताचा अवयव' अशा अर्थाचें नांव दिलें. जो हात जगांत नाहीं त्यावर जखम कोठून दाखवावयाची? आज आपणांस माहीत आहे कीं, इजा झालेले तंतु आपण होऊनच संदेश सोडूं लागतात, आणि दीर्घकाळ वार्तांचा मारा सोसलेली मज्जारज्जु इतकी हळवी बनते कीं साध्या स्पर्शाचीही वेदना होते. नैयायिकांचें एक आवडतें उदाहरण आहे. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यांत अग्नि असतो, पण धूर नसतो. ज्यानें धूर नाहीं म्हणून तो गोळा हातांत घेतला, त्यानें अनुमान नीट केलें नाहीं, एवढाच त्याचा अर्थ.

मग राहिला शब्द. न्यायशास्त्रांत आप्ताचा शब्द हें प्रमाण आहे, आणि ज्याला वस्तूचें साक्षात् ज्ञान आहे व तें यथार्थ सांगण्याची इच्छा आहे तो आप्त. भाष्यकार वात्स्यायन तर म्हणतो कीं, हें लक्षण ऋषि, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेंच लागू आहे. वेदनेच्या बाबतींत साक्षात् ज्ञान ही पहिली अट फक्त रोगीच पुरी करूं शकतो. त्याच्या जागीं वैद्य, सासू किंवा शिक्षक यांपैकीं कोणीही उभें राहूं शकत नाहीं. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनें २०२० सालीं आपली व्याख्या सुधारली, तेव्हां वेदना ही नेहमीं ज्याची त्याची असते, आणि ती होते असें सांगणाऱ्याच्या सांगण्याचा मान राखला पाहिजे, असा स्पष्ट निर्वाळा दिला. अनेक शतकांच्या अंतरानें शास्त्रें येथें एका जागीं येऊन उभीं राहिलीं आहेत.

यावर व्यवहारी मनुष्य विचारील कीं, मग ढोंगी लोकांचें काय? ढोंगी लोक आहेत, हें कोणीही नाकारणार नाहीं. परंतु एखाद्याच्या सचोटीविषयीं संशय घ्यावयाचा, तर त्याला सचोटीसंबंधींचेंच कारण पाहिजे. जखम दिसत नाहीं हें त्याचें कारण होऊं शकत नाहीं, एवढें तरी आतां सिद्ध झालें आहे. शिवाय वेदना खरी मानणें म्हणजे रोग्यानें सांगितलेलें कारण किंवा मागितलेला उपाय खरा मानणें नव्हे. शाळेच्या भीतीनें मुलाचें पोट खरोखरच दुखतें. त्याला घरीं ठेवावें कीं शाळेंत धाडावें, हा निराळा प्रश्न आहे. पण 'तुझें पोट दुखत नाहीं' हें वाक्य मात्र असत्य आहे. आणि चूक व्हावयाचीच असेल, तर दोन्ही चुकांची किंमत सारखी नाहीं. लबाडावर विश्वास ठेवला, तर आपली थोडी फसवणूक होते. पीडितावर अविश्वास दाखविला, तर त्याच्या एका दुःखाचीं दोन दुःखें होतात.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. वेदना हा जर मेंदूचा निर्णय, तर मन खंबीर केलें म्हणजे ती कां जाऊं नये? येथें मनाचा परिणाम आणि मनाची सत्ता यांची गल्लत होते. इटलींतील सैनिकांनीं वेदना नको असें ठरविलें नव्हतें. ती त्यांना झाली नाहीं. भीतीनें छाती धडधडते, म्हणून कोणी छातीला थांब म्हणून सांगूं शकत नाहीं. तितिक्षा हा मोठा गुण आहे यांत शंका नाहीं. परंतु तो स्वतःच्या वेदनेपुरताच गुण आहे. दुसऱ्याच्या वेदनेवर आपण तितिक्षा शिकवूं लागलों, कीं तिचें नांव क्रौर्य.

ज्यांना बोलतांच येत नाहीं, त्यांच्या बाबतींत तर आपली कसोटीच लागते. नवजात अर्भकाला वेदना कळत नाहीं, असें मानून १९८० नंतरच्या दशकापर्यंत पुष्कळ ठिकाणीं त्यांच्यावर पुरेशी भूल न देतां शस्त्रक्रिया होत असत. भारतीय वंशाचे डॉक्टर कंवलजीत आनंद व त्यांचे सहकारी यांनीं १९८७ सालीं पुरावा मांडला, तेव्हां ही प्रथा हटूं लागली. तीं मुलें आक्रोश करीतच होतीं. आक्रोश ही त्यांची साक्ष होती, पण तिची नोंद घेण्याचें कोणाला कारण वाटलें नव्हतें.

मागें सांगितलेल्या नसलेल्या हाताच्या वेदनेवर पुढें १९९० नंतर मद्रासेंत शिकलेले डॉक्टर विलयनूर रामचंद्रन यांनीं एक साधा आरसा पुढें धरून पाहिला. धडधाकट हाताचें प्रतिबिंब नसलेल्या हाताच्या जागीं दिसलें, आणि कित्येकांची ती आवळलेली मूठ सैल झाली. रोग्याचा असंभाव्य शब्द प्रथम खरा मानला, म्हणूनच हा उपाय सुचूं शकला. भीति, चिंता आणि एकटेपण यांनीं वेदना वाढते, हेंही आतां सुप्रतिष्ठित आहे. तेव्हां आपला अविश्वास रोग्याच्या कानांपाशीं थांबत नाहीं. तो त्याच्या मज्जासंस्थेंत उतरतो आणि तेथील दार आणखी थोडें उघडतो. वेदना दूर करणें प्रत्येकाच्या हातीं नाहीं; त्याला वैद्य लागतो, औषध लागतें, पुष्कळदां वेळ लागतो. परंतु घरांत कोणी कण्हूं लागलें असतां पाठीकडे पाहण्यापूर्वीं तोंडाकडे पाहणें, आणि विचारल्यावर जें उत्तर मिळेल तें ऐकून घेणें, याला कोणतीही विद्या लागत नाहीं.