केर कोणाचा?

शाळेंतील मुलांच्या हातीं केरसुणी द्यावी कीं न द्यावी, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाहीं. कित्येक आईबाप म्हणतात, "आमच्या वाडवडिलांच्या हातची केरसुणी सुटावी म्हणून आम्हीं लेंकरांस शाळेंत घातलें, तेथेंही तीच हातीं यावी काय?" हें बोलणें रास्त आहे, व शिक्षकांनीं तें कानांआड करूं नये. अस्पृश्यता १९५० सालीं अमलांत आलेल्या राज्यघटनेच्या १७ व्या कलमानें बंद झाली. असें असतां जेथें ठराविक घरांच्या मुलांस, अथवा केवळ मुलींस, झाडावयास सांगतात, तेथें स्वच्छता शिकविली जात नसून जुना अन्यायच शिकविला जातो.

परंतु दोष केरसुणीचा नव्हे, वांटणीचा आहे. जपानांतील शाळांत सर्व मुलें आपला वर्ग पाळीपाळीनें स्वतःच झाडतात. आपल्याकडे गाडगेबाबा (१८७६–१९५६) दिवसां गांव झाडीत व रात्रीं कीर्तन करीत. झाडल्यानें त्यांचा मान गेला असें कोण म्हणेल?

तर मग केर कोणाचा? ज्यानें केला त्याचा. २०१६ च्या घनकचरा नियमांनींही, कचरा करणाऱ्यानेंच तो ओला, सुका व घातक असा निरनिराळा करावा, असें सांगितलें. हा धडा पाठ करून येत नाहीं, करून येतो. दुपारच्या जेवणांतील उष्टें, भाजीचे देंठ व पालापाचोळा मुलांनीं खड्ड्यांत थराथरानें घालावा, वर शेणमाती पसरावी, ओल राखावी व मधून मधून खालवर करावें. कांहीं महिन्यांनीं त्याचें काळें खत होतें. त्याच खड्ड्यांत खाऊची एक प्लास्टिकची पुडी पुरून पाहावी. ती जशीच्या तशी निघेल. ती जाळली तर विषारी धूर होतो. उकिरड्यावर टाकली तर गाईच्या पोटांत जाते. मग मूल आपणच विचारील, "गुरुजी, ही पुडी आणलीच कशाला?" कचरा उचलण्यापेक्षां तो न करणें थोर, हें त्यास त्या दिवशीं समजेल.

म्हणून शिक्षकांस इतकेंच विनवितों कीं, पाळीच्या यादींत सर्व मुलांचीं व मुलींचीं नांवें लिहा, आणि पहिलें नांव आपलें घाला. ज्या दिवशीं गुरुजींच्या हातीं केरसुणी दिसेल, त्या दिवशीं आईबापांची तक्रार उरणार नाहीं. आणि आपला केर दुसऱ्यानें काढावा, अशी इच्छा करावयास मुलांसही लाज वाटेल.