देहाचाही हक्क आहे



हक्कांची चर्चा निघाली की आपण आई-वडिलांचे, शेजाऱ्यांचे, अनाथांचे हक्क आठवतो, आणि ते आठवलेच पाहिजेत. परंतु एक हक्कदार जन्मापासून मृत्यूपर्यंत आपल्या सोबत असतो आणि तरीही तो आजारी पडेपर्यंत त्याची आठवण होत नाही. तो म्हणजे आपला देह. तो अल्लाहने आपल्या स्वाधीन केलेली अमानत आहे आणि प्रत्येक अमानतीचा हिशेब द्यावयाचा आहे. म्हणून देहाला विश्रांती देणे व त्याच्या त्वचेची निगा राखणे हा श्रद्धावंताच्या कर्तव्याचाच भाग ठरतो.

मदीनेत प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत सलमान फारसी (रजि.) आणि हजरत अबू दर्दा (रजि.) यांच्यात बंधुभावाचे नाते जोडले होते. सहीह बुखारीत आलेल्या हदीसनुसार, एकदा सलमान (रजि.) आपल्या या भावाच्या घरी गेले. घरची स्त्री, उम्मे दर्दा (रजि.), त्यांना अगदी साध्या, दुर्लक्षित वेशात दिसल्या. कारण विचारता त्यांनी सांगितले की, तुमच्या भावाला या जगाशी काही कर्तव्यच उरलेले नाही. अबू दर्दा (रजि.) दिवसा रोजा ठेवीत आणि रात्रभर नमाज पढत. सलमान (रजि.) यांनी त्यांना आपल्याबरोबर जेवावयास लावले. रात्री ते उपासनेसाठी उठू लागले तेव्हा झोपावयास सांगितले; पुन्हा उठले, तर पुन्हा थांबविले. रात्रीचा शेवटचा प्रहर आला तेव्हा दोघांनी मिळून नमाज अदा केली. मग सलमान (रजि.) यांनी समजाविले की, पालनकर्त्याचा हक्क आहे, स्वतःच्या जिवाचा हक्क आहे आणि घरच्यांचाही हक्क आहे, ज्याचा त्याला हक्क द्यावा. ही हकिगत प्रेषितांच्या (स.) कानी गेली तेव्हा त्यांनी सलमान (रजि.) यांचे म्हणणे खरे असल्याचे सांगितले.

विचार करा, नफिल नमाजेसाठीही देहाचा हक्क बुडविण्याची मुभा मिळाली नाही. मग मोबाइलवर व्यर्थ घालविलेल्या मध्यरात्रीसाठी ती कशी मिळेल? सूरह नबामध्ये अल्लाहने निद्रेला विश्रांतीचे साधन, रात्रीला आच्छादन आणि दिवसाला उपजीविकेचा काळ म्हटले आहे. इशाच्या नमाजेपूर्वी झोपणे आणि तिच्यानंतर गप्पा मारीत बसणे प्रेषितांना (स.) आवडत नसे. निजण्यापूर्वी वुजू करणे, अंथरूण झटकणे व उजव्या कुशीवर पहुडणे ही त्यांची शिकवण होय. दुपारची थोडी वामकुक्षी, जिला कैलूला म्हणतात, तीही सहाबांच्या दिनक्रमात होती.

आता आपल्या घराकडे पाहा. पहाटे सर्वांच्या आधी कोण उठते? रात्री सर्वांच्या शेवटी कोण निजते? रमजानमध्ये सहरीचा स्वयंपाक आणि इफ्तारची तयारी यांत कोणाचा दिवस सरतो? बहुतेक घरांत उत्तर एकच असते. भांडी-धुण्याच्या साबणाने तिच्या हातांची साल निघते, टाचांना भेगा पडतात आणि त्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. हजरत आयशा (रजि.) यांनी सांगितले आहे की, प्रेषित (स.) घरी असताना घरच्यांच्या कामात हातभार लावीत आणि नमाजेची वेळ झाली की बाहेर पडत. म्हणून पतींनो, मुलांनो, घरातील स्त्रीला दररोज अर्धा तास निवांतपणा मिळावा यासाठी एखादे काम आपल्या अंगावर घ्या. ही सुन्नतच होय.

त्वचेच्या निगेचा पाया तर वुजूमध्येच आहे. वुजूत टाचा कोरड्या ठेवणाऱ्यांना प्रेषितांनी (स.) कठोर शब्दांत सावध केले, बोटांच्या मधल्या जागेतून बोटे फिरविण्यास सांगितले, आणि नखे चाळीस दिवसांहून अधिक वाढू न देण्याची मर्यादा घालून दिली. वुजूनंतर पायांच्या बोटांमधील ओल पुसून घ्यावी. ती राहिल्यास तेथे बुरशी वाढते. फार कढत पाणी व तीव्र साबण त्वचेचे नैसर्गिक तेल काढून टाकतात, म्हणून कोमट पाणी बरे. निजताना हात-पाय किंचित ओलसर असतानाच खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावले तर भेगा भरून येण्यास मदत होते. जैतुनाचे तेल खाण्याची व अंगाला लावण्याची शिकवण हदीसमध्ये आली आहे; मात्र ते महाग पडत असेल तर घरातले तेलही पुरेसे आहे. प्रेषित (स.) स्वतः एक लिटरहूनही कमी पाण्यात वुजू करीत. निगा राखावयास ना उधळपट्टी लागते, ना तासन् तास. अंगावर बधिर चट्टा दिसला तर मात्र घरगुती लेप न लावता डॉक्टरांकडे जावे.

येथे एका दुखण्याविषयी बोलणे भाग आहे. विवाहाची बोलणी सुरू झाली की आपल्याकडेही मुलीच्या दीनदारीआधी तिचा रंग पाहिला जातो. मग ती बिचारी गोरेपणाची मलमे चोळू लागते. अशा काही मलमांत स्टेरॉइड असते, काहींत पारा आढळला आहे. स्टेरॉइडने प्रारंभी चेहरा उजळल्यासारखा वाटतो. पुढे त्वचा पातळ व लाल होते, पुरळ उठते आणि मलम बंद करताच आग होऊ लागते. पारा त्वचेतून शरीरात शिरून मूत्रपिंडांना इजा करतो. सूरह रूममध्ये अल्लाहने माणसांच्या भाषांची व रंगांची विविधता आपल्या निशाण्यांत गणली आहे. ज्याला त्याने निशाणी म्हटले, त्याला आपण उणीव कसे म्हणावे? काबागृहाच्या छतावरून अजान देण्याचा मान हजरत बिलाल (रजि.) यांना मिळाला, तेव्हा त्यांचा काळा रंग आड आला नाही. मातांनो, मुलीला त्वचा स्वच्छ व निरोगी ठेवण्यास शिकवा; ती बदलण्यास शिकवू नका. आणि पुत्रासाठी वधू पाहावयास जाल, तेव्हा रंगाविषयी शब्द काढू नका.

आज रात्रीपासूनच प्रारंभ करा. इशा अदा करा, मोबाइल दूर ठेवा, वुजू करा, हाता-पायांना तेल लावा आणि अल्लाहचे स्मरण करीत झोपी जा. ताजेतवाने होऊन फजरला उठावे या हेतूने घेतलेली ती झोपही, इन्शाअल्लाह, पुण्यात गणली जाईल.

अल्लाह आम्हां सर्वांना त्याच्या अमानतीचा सांभाळ करण्याची, घरच्यांचे हक्क ओळखण्याची आणि त्याने दिलेल्या रूपावर कृतज्ञ राहण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.