समुद्र कुणाला सांगायचा?

चौथीच्या मुलाला 'समुद्र' या विषयावर दहा ओळी लिहायला सांगा. वही दापोलीची असो की वर्ध्याची, ओळी बहुतेक त्याच येतात. समुद्र विशाल असतो, त्याचं पाणी खारट असतं, त्यात अनेक प्रकारचे मासे असतात, त्याच्यावर लाटा उसळतात आणि माणसं कचरा टाकतात म्हणून तो दुःखी होतो. मूल जरा हुशार असेल तर समुद्र स्वतःच बोलू लागतो. 'ओळखलंत का मला?' ही सुरुवात आणि 'मला वाचवा' हा शेवट. आत्मवृत्त नावाचा हा प्रकार आपल्या शाळांत असा काही मुरला आहे की फाटकं पुस्तक, वठलेलं झाड, पडका किल्ला आणि अरबी समुद्र हे सगळे एकाच रडव्या आवाजात बोलतात. यातून मूल एक गोष्ट पक्की शिकतं: लिहायचं असेल तर काही पाहायची गरज नसते.

वाचनाची गतही फारशी वेगळी नाही. मुलांसाठी समुद्रावर जे लिहिलं जातं ते बरंचसं 'तुम्हाला माहीत आहे का?' या छापाचं. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात, निळा देवमासा पृथ्वीवरचा सर्वांत मोठा प्राणी आहे, तारामाशाचा हात तुटला तर नवा येतो. माहिती खरी आहे, मुलांना ती आवडतेही. पण या वाक्यांना पुढे 'मग?' नाही. एकामागून एक चौकटी वाचून होतात, आणि एका जिवाचं दुसऱ्याशी काय नातं, तो आज खातो काय, उद्या त्याला कोण खाणार, हे कळत नाही. प्रश्नमंजूषेत गुण मिळतात, एवढाच त्याचा उपयोग.

माझं म्हणणं असं की प्राथमिक वर्गात समुद्रातलं जीवन परिसर अभ्यासाच्या एका धड्यात उरकण्याऐवजी भाषेच्या तासाला आणावं. आणि आणताना मुलाच्या लिखाणाला एक खरा वाचक मिळवून द्यावा, ज्याला ते वाचल्यावाचून कळणार नाही असा.

असा एक वाचक किनाऱ्यावरच्या कितीतरी वर्गांत समोरच उभा असतो. पालघरपासून सिंधुदुर्गपर्यंतच्या जिल्हा परिषद शाळांत शिकवणारे अनेक गुरुजी आणि बाई मराठवाड्यातून, विदर्भातून, सोलापूरकडून आलेले असतात. आंतरजिल्हा बदलीची वाट पाहत ते दहा-दहा वर्षं कोकणात काढतात. त्यांना समुद्र दिसतो, पण कळतो असं नाही. आणि समोर बसलेल्या पोराचा बाप डोल लावायला जातो. डोल म्हणजे लांबलचक पिशवीसारखं जाळं. ते समुद्रात एका जागी बांधून ठेवतात आणि भरती-ओहोटीच्या ओढीनं मासळी त्यात शिरते. पाणी फिरायच्या आत ते ओढून घ्यावं लागतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओढ जोरात, अष्टमीच्या भांगाला मंद, म्हणून मासळीही कमी. हे सगळं त्या पोराला ठाऊक असतं. पण वर्गात प्रश्न येतो, 'कोळी लोक काय करतात?' आणि उत्तर अपेक्षित असतं, 'कोळी लोक मासेमारी करतात.' पोरगं तेवढंच लिहितं, कारण गुरुजींना उत्तर आधीच माहीत आहे हे त्यालाही कळतं. ज्याला माहीत आहे त्याला कोण कशाला काही समजावून सांगेल?

तेच गुरुजी म्हणाले, 'अरे, भांगाला मासळी कमी का लागते, मला खरंच ठाऊक नाही, लिहून दे,' तर त्या लिखाणाचा पोत बदलतो. पोराला क्रम लावावा लागतो, आधी काय आणि नंतर काय ते सांगावं लागतं, 'म्हणून' आणि 'पण' नेमक्या जागी वापरावे लागतात. वाक्यरचनेचे जे स्वाध्याय आपण फळ्यावर कोरडे करून घेतो, ते इथे निकडीपोटी होतात.

पाहून लिहिणं म्हणजे काय, त्याचं एक जवळचं उदाहरण घेऊ. ओहोटी लागल्यावर ओल्या वाळूवर हजारो बारीक गोळ्या पसरलेल्या दिसतात. वाळूचे मणीच. प्रत्येक बिळाभोवती त्यांची आऱ्यांसारखी रचना असते. मुलं रोज ती तुडवत जातात. वर्गाला तिथे नेऊन दहा मिनिटं न बोलता उकिडवं बसवलं की नखाएवढे खेकडे हळूच वर येतात. बिळापासून एका सरळ रेषेत सरकत ते वाळू नांगीनं तोंडात घालतात, त्यातलं खाण्याजोगं बारीकसारीक चोखून घेतात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतात. बिळाकडे परतायची वाट मात्र मोकळी ठेवतात. कुणी उठून उभं राहिलं की सगळे गडप. हे पाहून आलेलं तिसरीतलं मूल साधारण असं लिहील: 'आम्ही गप बसलो. मग खेकडा आला. तो वाळू खात होता. खाऊन तो गोळी टाकत होता. मी हललो तर तो गेला.' पाचच वाक्यं आहेत, पण त्यांत निरीक्षण आहे, क्रम आहे, कारण आहे, आणि शेवटच्या वाक्यात तर एक छोटा प्रयोगही आहे. गुरुजींनी फक्त विचारायचं, 'तो वाळू खात होता, तर ती संपत का नव्हती?' दुसरा मसुदा त्या प्रश्नातून निघतो. 'वाळू खातो' खोडून मूल 'वाळूतलं काहीतरी खातो' असं लिहितं, तेव्हा त्याला नेमकेपणा म्हणजे काय ते कळलेलं असतं.

भरती-ओहोटीची वहीही अशीच. आज ओहोटी किती वाजता, उद्या किती वाजता, एवढंच रोज नोंदवायचं. आठवडाभरात मुलांच्या लक्षात येतं की वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते आहे. चंद्राचा धडा त्यानंतर शिकवावा. एक अडचण आहे: समुद्राचं वेळापत्रक शाळेच्या वेळापत्रकाला जुमानत नाही. भाषेचा तास साडेअकराला आणि ओहोटी तीनला, असं होणारच. तिथे झुकायचं कुणी, हे उघड आहे.

गुरुजी मात्र कधीतरी शिकतात, दोन-तीन वर्षांत त्यांनाही भांग कळतो. म्हणून वाचक बाहेरून आणावा लागतो. शंभर वर्षांपूर्वी फ्रान्समधल्या सेलेस्टॅं फ्रेने या शिक्षकानं हे करून दाखवलं होतं. पहिल्या महायुद्धात त्याच्या फुप्फुसाला गोळी लागली होती, वर्गात फार वेळ मोठ्यानं बोलणं त्याला झेपत नसे. त्याची बार-सुर-लू गावातली शाळा दक्षिणेकडच्या डोंगराळ भागात. मुलांनी वर्गात गोगलगायींची शर्यत लावली, तर त्यानं धडा बाजूला ठेवून त्या शर्यतीचंच वाक्य फळ्यावर घेतलं. 1924 च्या सुमारास त्यानं वर्गात छोटा छापखाना आणला. मुलांनी लिहायचं, मुलांनीच खिळे जुळवून छापायचं. मग या पानांची देवाणघेवाण सुरू झाली ती ब्रिटनीच्या किनाऱ्यावरच्या त्रेगंक गावातल्या रेने दानिएल यांच्या वर्गाशी. एकीकडे डोंगरातली मुलं, दुसरीकडे समुद्राकाठची. एका वर्गाला जे रोजचं, ते दुसऱ्याला अपूर्वाईचं. फ्रेनेच्या शिक्षणपद्धतीतलं बाकी सगळं कुणाला पटो न पटो, ही एक युक्ती आपल्या राज्यासाठी मापून शिवल्यासारखी आहे.

कारण आपल्याकडे सह्याद्रीच्या पूर्वेला असंख्य मुलांनी समुद्र पाहिलेला नाही. पण त्यांना तो अगदीच अनोळखी आहे असंही नाही. आठवडी बाजारात सुकट, जवळा, सुके बोंबील विकायला येतात. डोळ्यांनी न पाहिलेला समुद्र त्यांना नाकाने ठाऊक असतो. वाचनाची सुरुवात तिथूनच करावी. हा जवळा कुठून आला? तो जिवंत असताना काय खात होता? त्याला कोण खातं? बोंबील जवळा खातो, आणि तो बोंबील वलांडीवर, म्हणजे मासळी सुकवायच्या मांडणीवर, वाळून आपल्या बाजारात येतो. एवढ्या धाग्यावर एक उत्तम पाठ उभा राहतो, ज्यात प्रत्येक परिच्छेद 'मग?' या प्रश्नाला उत्तर देतो. अशा पाठाला निळ्या देवमाशाची गरज पडत नाही.

न पाहिलेल्या गोष्टीबद्दल वाचून काय होणार, असं विचारणाऱ्यांनी समुद्रावर लिहिणाऱ्या रेचेल कार्सनची आठवण ठेवावी. तिचा जन्म 1907 चा, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या स्प्रिंगडेलचा, म्हणजे समुद्रापासून दूरचा. लहानपणी ती समुद्राबद्दल वाचत राहिली. 'सेंट निकोलस' या मुलांच्या मासिकात 1918 साली तिचं पहिलं लेखन छापून आलं, आणि प्रत्यक्ष समुद्र तिनं पाहिला तो 1929 मध्ये, वूड्स होलच्या संशोधन केंद्रात गेल्यावर. 'द सी अराउंड अस' हे तिचं गाजलेलं पुस्तक 1951 चं. आपल्याकडेही बालभारतीचं 'किशोर' 1971 पासून निघतं आहे. मुलांना वाचायला देणारी आणि लिहितं करणारी परंपरा आपल्याला नवी नाही, फक्त समुद्र त्यात पोचायचा आहे.

साहित्य हाताशी आहे. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला 2002 पासून सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं गावकऱ्यांच्या साथीनं ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. मादी रात्री वाळूत खड्डा करून शंभरएक अंडी घालते, वाळूनं झाकते आणि परत जाते. पुन्हा मागे वळून पाहत नाही. साधारण दीड-दोन महिन्यांनी पिल्लं निघतात. वाळू जास्त तापलेली असेल तर माद्या जास्त निपजतात, थंड असेल तर नर. 2022 च्या जानेवारीत इथल्याच एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारं यंत्र बसवलं गेलं आणि तिचं नाव ठेवलं 'प्रथमा'. एका कासवीच्या प्रवासाचा नकाशा हा चौथीच्या मुलाला आठवडाभर पुरेल असा वाचनपाठ आहे. तो वाचून लातूरचं मूल वेळासच्या मुलाला विचारेल: पिल्लं रात्री निघतात की दिवसा? तुझ्या हातावर ठेवलं होतंस का? समुद्र कुठल्या बाजूला आहे ते त्यांना कसं कळतं? किनाऱ्यावरच्या मुलाला याचं उत्तर द्यायचं तर पुन्हा जाऊन पाहावं लागेल, नाहीतर आजोबांना विचारावं लागेल.

प्लास्टिकचं काय, तेलगळतीचं काय, तापत्या समुद्राचं काय? हे विषय टाळायचे नाहीत, पण तिसरीच्या मुलासमोर पहिल्यांदा तेच मांडू नयेत. डेव्हिड सोबेल या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञानं 1996 च्या एका पुस्तकात इशारा दिला होता की निसर्गाशी ओळख होण्याआधीच त्याच्या विनाशाच्या कथा ऐकवल्या तर मुलं घाबरून अंग काढून घेतात. चौथीपर्यंत शोकांतिका नको, असं त्याचं सांगणं. मला ते पटतं. खेकडा पाहिलेला नाही आणि खेकडा मरणार आहे हे मात्र पाठ आहे, अशा मुलाकडून आपल्याला घोषवाक्यांपलीकडे काही मिळत नाही.

शिक्षकांची तक्रार मला ऐकू येते आहे. आधीच ऑनलाइन माहित्या, त्यात हे नवं. पण हा वेगळा उपक्रम नाही. पत्रलेखन अभ्यासक्रमात आहेच, फक्त ते आज नसलेल्या मामाला लिहिलं जातं. निपुण भारत योजनेत तिसरीच्या शेवटी मुलानं मिनिटाला किमान 60 शब्द समजून वाचावेत असं उद्दिष्ट आहे. मित्राचं पत्र मूल स्वतःहून चारदा वाचतं, तेव्हा वेग आपसूक येतो. समज तर लागतेच, कारण उत्तर धाडायचं असतं.

भाषेबद्दल एक आग्रह धरतो. पहिला मसुदा मुलाच्या घरच्या बोलीत, आगरी-कोळीत किंवा मालवणीत येऊ द्यावा. प्रमाणभाषेत आणायचं काम पत्र पाठवण्याआधी वर्गानं मिळून करावं. पहिल्याच ओळीवर लाल खूण उमटली की ते पोर पुन्हा 'कोळी लोक मासेमारी करतात' या वाक्यामागे जाऊन लपेल.

दिवाळीची सुट्टी संपून दुसरं सत्र सुरू होतं, त्याच सुमारास कोकणात कासवांच्या विणीचा हंगामही लागतो. केंद्रप्रमुखांनी येत्या शिक्षण परिषदेत आपल्या केंद्रातल्या प्रत्येक शाळेसाठी डोंगरापलीकडच्या एका शाळेचा पत्ता मिळवून द्यावा. पहिलं पत्र नोव्हेंबरात पडावं, आणि त्याला विषय देऊ नये.