तत्त्वासाठी पदरमोड

ऑक्टोबर १९५५. अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात एकाच रात्री जॅझचे दोन कार्यक्रम लागले होते. गायला एला फिट्झजेराल्ड, ट्रम्पेटवर डिझी गिलेस्पी, सॅक्सोफोनवर त्याच शहरात वाढलेला इलिनॉय जॅके. आयोजक नॉर्मन ग्रान्झ. त्याने सभागृहातल्या ‘गोरे’ आणि ‘निग्रो’ अशा पाट्या आधीच उतरवून ठेवल्या. तिकिटांची आगाऊ विक्रीही केली नाही, कारण कुणी रांगाच्या रांगा अडवून गोऱ्यांचा वेगळा कप्पा करावा हे त्याला नको होते. शेजारी कृष्णवर्णीय बसलाय म्हणून जागा बदलून मागणाऱ्याला उत्तर ठरलेले होते: बसायचे तर इथेच, नाहीतर पैसे परत घ्या.

दोन कार्यक्रमांच्या मधल्या वेळेत पोलीस एलाच्या खोलीत घुसले. गिलेस्पी आणि जॅके फासे टाकत होते, एला काहीतरी खात बसली होती. जुगाराचा आरोप ठेवून ग्रान्झसह सगळ्यांना ठाण्यावर नेले. प्रत्येकी दहा डॉलर भरल्यावर सुटका झाली आणि ठरलेला दुसरा कार्यक्रमही पार पडला. त्या दहा डॉलरवर पाणी सोडले असते, तर प्रकरण तिथेच मिटले असते. पण मग आपल्या कलावंतांवरचा डागही तसाच राहिला असता. ग्रान्झने वकिलांवर दोन हजारांहून जास्त डॉलर खर्च केले आणि तो आरोप रद्द करून घेतला.

अमेरिकेतला वर्णभेद कायद्यात होता, तितकाच तो धंद्यातही मुरलेला होता. कोणता प्रेक्षक कुठे बसेल, कलावंताला कोणते हॉटेल खोली देईल, हे सगळे व्यवहाराचे प्रश्न होते. ग्रान्झने हे ओळखले आणि प्रेक्षकांत वर्णावरून भेद करायचा नाही, ही अट करारातच घालायला सुरुवात केली. भाषणाला टाळ्या वाजवून सभागृहाचा मालक घरी गेला असता. करारातल्या अटीवर मात्र त्याला हो किंवा नाही म्हणावेच लागले.

पियानोवादक डेव्ह ब्रुबेकचीही अशीच कसोटी लागली. १९५८ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने त्याच्या चौकडीला परदेश दौऱ्यावर पाठवले. पोलंड, तुर्कस्तान करत ती आपल्या मुंबईतही वाजवून गेली. बेस वाजवणारा यूजीन राइट हा चौघांतला एकटा कृष्णवर्णीय. आपल्या देशातल्या मोकळेपणाचा दाखला म्हणून सरकारने ज्या संचाला जगभर मिरवले, त्याच संचाला दक्षिणेतली कॉलेजे सांगू लागली की बेसवर गोरा वादक आणा. ब्रुबेकने साफ नकार दिला. १९६० च्या दौऱ्यातले बहुतेक कार्यक्रम रद्द झाले आणि मोठी कमाई बुडाली.

हे दोघे गोरे होते, हे विसरून चालणार नाही. त्यांची मिळकत पणाला लागली. कृष्णवर्णीय कलावंतांचे त्याहून बरेच काही पणाला लागत होते. झुंडीने मारून झाडाला लटकवलेल्या माणसांवरचे गाणे बिली हॉलिडे १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या कॅफे सोसायटीत गाऊ लागली. ती गाताना वेटर वाढणे थांबवत, दिवे मालवले जात, उजेड फक्त तिच्या चेहऱ्यावर राही. तिच्या ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपनीने हे गाणे मुद्रित करायला नकार दिला, तेव्हा ती एका छोट्या कंपनीकडे गेली. गोऱ्यांना खूश ठेवतो म्हणून ज्याला स्वतःच्याच समाजातून टोमणे बसत, त्या लुई आर्मस्ट्राँगने १९५७ मध्ये, लिटल रॉकच्या शाळेत नऊ कृष्णवर्णीय मुलांना अडवले गेले तेव्हा, राष्ट्राध्यक्षांना जाहीरपणे खडसावले आणि सरकारतर्फे ठरत असलेल्या सोव्हिएत दौऱ्यावर जायला नकार दिला. काही दिवसांतच त्या मुलांच्या संरक्षणासाठी सैन्य आले. ते त्याच्या एकट्याच्या बोलण्याने आले असे म्हणता येणार नाही. पण सगळ्या देशाचा लाडका कलावंत तेव्हा गप्प बसला नाही, याचे मोल कमी होत नाही.

ज्याच्यावर अन्याय होतो त्याला प्रतिकाराची किंमत मोजावीच लागते, त्याला पर्याय नसतो. पर्याय असतो तो ज्याला त्या अन्यायाचा फायदा मिळतो त्याला. म्हणूनच ग्रान्झ आणि ब्रुबेक यांचा नकार मला महत्त्वाचा वाटतो. चालू व्यवस्थेत त्यांचे काही अडत नव्हते. तरी त्यांनी आपल्या कमाईला कात्री लावून घेतली.

आपल्याकडेही आडनाव विचारून घर भाड्याने दिले जाते, सोसायटीच्या बैठकीत ‘आपल्यातलेच लोक बरे’ असे सहज बोलले जाते. भेदभाव वाईट, यावर तिथल्या प्रत्येकाचे एकमत असते. अशा वेळी घरमालकाने दोन महिने घर रिकामे राहण्याची तयारी ठेवावी, सभासदाने शेजाऱ्यांचा रोष पत्करावा. समतेवरच्या आपल्या विश्वासाची पारख तेवढ्याने होईल, आणि एका कुटुंबाला घरही मिळेल.