पाणी मागणारा प्रभू

सप्टेंबर जवळ आला की नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घरांत हरेगावच्या यात्रेची बोलणी सुरू होतात. 8 सप्टेंबर हा पवित्र मारियेचा जन्मदिन. त्याच्या आगेमागे श्रीरामपूर तालुक्यातल्या हरेगावात मतमाउलीची यात्रा भरते. टेम्पो-जीप भरून माणसं येतातच, पण नवस पायी फेडणारेही असतात. देवळाली प्रवरेहून निघालं तर बेलापूरला प्रवरा ओलांडायची, श्रीरामपूर मागं टाकायचं आणि उसाच्या फडांमधून हरेगाव गाठायचं. दिवसभराची चाल. भाद्रपदातलं ऊन चटका देतं, मध्येच सर येते आणि काळी माती चपलांना धरून बसते. पहिल्या तासातली गाणी हळूहळू थांबतात. टाचेला फोड येतो, जपमाळेचे मणी नुसतेच बोटांतून सरकत राहतात, आणि नजर रस्त्याकडेच्या वस्तीवर कुठं पाण्याचा माठ दिसतो का ते शोधू लागते.

चालता चालता देव भेटतो, असं आपण सहज बोलून जातो. पंडिता रमाबाईंनी या वाक्याला इतक्या सहज मान डोलावली नसती. त्यांचं बालपणच वाटेवर गेलं होतं. वडील अनंतशास्त्री डोंगरे तीर्थामागून तीर्थ करत, पुराणं सांगत, कुटुंबासह देशभर पायी फिरले. 1870च्या दशकात मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. जवळचं संपलं, व्रतं झाली, अनुष्ठानं झाली, आणि थोड्याथोड्या अंतरानं वडील, आई आणि थोरली बहीण, तिघंही गेली. उरले रमाबाई आणि त्यांचा भाऊ श्रीनिवास. दोघं भावंडं उत्तरेकडं चालत राहिली, पार काश्मीरपर्यंत. कधी रानातली फळं बियांसकट गिळली, कधी मूठभर भिजवलेले दाणे मिठाबरोबर खाल्ले. झेलमच्या काठी थंडीत अंगावर घ्यायला काही नव्हतं, तेव्हा दोघांनी वाळूत खड्डे खणले, त्यांत झोपले आणि डोकं तेवढं बाहेर ठेवून अंगावर वाळू ओढून घेतली. हे त्यांनीच लिहून ठेवलं आहे. अशी हजारो मैलांची पायपीट करून 1878 साली ते कलकत्त्याला पोचले, तोवर आईवडिलांच्या श्रद्धेतलं फारसं काही त्यांच्याजवळ उरलं नव्हतं. वाटेनं रमाबाईंना देव दिला नाही, होता तोही काढून घेतला. पुढं 1880 साली भाऊ गेला आणि 1882 साली पतीही गेले. कडेवर लहानगी मनोरमा तेवढी राहिली.

1883 साली त्या इंग्लंडला गेल्या. लंडनमधल्या फुलमला काही ख्रिस्ती भगिनी समाजानं टाकलेल्या स्त्रियांना जवळ करून नव्यानं उभं करत होत्या. या बायकांसाठी कुणी इतकं का करावं, असं रमाबाईंनी विचारलं, तेव्हा एका भगिनीनं त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय वाचून दाखवला. त्याच वर्षी 29 सप्टेंबरला वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला.

त्या अध्यायातल्या विहिरीच्या प्रसंगात मोठा चमत्कार नाही. येशू यहूदियाहून गालीलाकडं निघाला आहे. शोमरोनातून चालून चालून दमला आहे. भर दुपारी सुखार गावाजवळ याकोबाच्या विहिरीपाशी तो बसतो. शिष्य अन्न विकत आणायला गावात गेले आहेत. विहीर खोल आहे आणि जवळ पोहरा नाही. एक शोमरोनी बाई घागर घेऊन येते आणि तो तिच्याकडं प्यायला पाणी मागतो. बाई चकित होते. यहूदी माणूस शोमरोन्याच्या हातचं पाणी घेत नाही, हे तिला पक्कं ठाऊक आहे.

हा प्रसंग समजायला आपल्या जिल्ह्याला टीकाग्रंथाची गरज पडू नये. इथले बहुतेक ख्रिस्ती ज्यांचे वंशज आहेत, त्यांना गावच्या विहिरीवर पोहरा सोडायची मनाई होती. कुणीतरी येईल आणि वरून, लांबून, ओंजळीत पाणी ओतेल, याची वाट बघत उभं राहावं लागे. बाप्तिस्म्यानंतरही गावानं त्यांना विहीर लगेच मोकळी केली असं झालं नाही. ज्या पाण्यासाठी 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना महाडच्या चवदार तळ्यावर जावं लागलं, त्याच पाण्याची ही गोष्ट आहे. अशा घरातल्या आजीनं योहानाचा चौथा अध्याय ऐकला, की जिवंत पाण्याचं वचन येण्याआधीच तिचे डोळे भरून येतात. ज्याच्या हातचं पाणी कुणी घेत नाही, त्याच्याकडं प्रभू पाणी मागतो, एवढंच तिला पुरतं.

दुःखात आशा कशी येते, याचं उत्तर मला इथं दिसतं. गांजलेल्या माणसाला आपण धीर देतो, मदत देतो, आणि ते योग्यच आहे. पण नुसतं घेत राहिलं की माणसाला आपण कुणाच्या उपयोगाचे नाही असं वाटू लागतं. येशू त्या बाईला आधी काही देत नाही, तिच्याजवळ मागतो. तुझ्या घागरीतलं मला हवं आहे, हे ऐकल्यावर ती ताठ उभी राहते, त्याला उलट प्रश्न विचारते, वाद घालते, आणि शेवटी घागर तिथंच टाकून गावाला सांगायला धावते. भर दुपारी एकटी आलेली बाई गावभर बोलू लागते. आणि हे घडतं ते मागणारा खरोखर तहानलेला होता म्हणून. तहानेचं नाटक करून कुणाला मान देता येत नाही.

रमाबाईंचंही असंच झालं. मूठभर दाण्यांवर दिवस काढलेली ती मुलगी 1896-97च्या दुष्काळात मध्य प्रांतात गेली आणि उपाशी, अनाथ मुलींना घेऊन आली. त्यातून केडगावचं ‘मुक्ती’ हे आश्रयस्थान उभं राहिलं. भूक काय असते हे त्यांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही. वाटेवरच्या त्या वर्षांनी तेव्हा देव दाखवला नव्हता, पण उपाशी मूल ओळखायची नजर दिली होती. ख्रिस्तानं ती वर्षं पुसली नाहीत, कामाला लावली.

म्हणून हरेगावच्या वाटेवर एखाद्या वस्तीसमोर थांबून पाणी मागायला संकोचू नये. त्या घरातली बाई हिंदू असेल, मुसलमान असेल. ती आतून तांब्या-पेला आणते, पेला हातात देते आणि कुठून आलात म्हणून विचारते. दोन पिढ्यांमागं याच तालुक्यांत हे इतकं सोपं नव्हतं. नवस ज्याचा त्याचा असेल, पण हा पेला दोघांचा असतो.

आज ज्यांची वाट आजारातून, कर्जातून, घरातल्या रिकाम्या जागेतून जात असेल, त्यांनी सगळं एकट्यानं ओढत नेण्याचा हट्ट सोडावा. दमलो आहे असं म्हणण्यात श्रद्धेला कमीपणा नाही. प्रभूनं ते विहिरीच्या काठी बसून दाखवलं आहे.

हे प्रभू, आज मी थकलो तर मागायची लाज वाटू देऊ नकोस. माझ्या दारी कुणी पाणी मागितलं तर त्याचं गाव आणि आडनाव विचारण्याआधी माझा हात माठाकडं जाऊ दे. आमेन.